वासेदा विद्यापीठाचा बेसबॉल संघ : उगम, परंपरा आणि पराक्रम

जपानच्या राज्यकारभारातून 1881 साली अकस्मात दूर सारले गेलेले मुत्सद्दी ओकुमा शिगेनोबु यांनी दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 1882 च्या 21 ऑक्टोबर रोजी, टोकियोच्या वेशीवर भातखाचरांच्या शेजारी जे विद्यालय स्थापन केले, त्याकडे सरकारी अंमलदार प्रारंभीची कित्येक वर्षे संशयाने पाहत असत. कारण दरबारी कृपेची अपेक्षा न ठेवता स्वतःच्या बुद्धीने विचार करणारा तरुण घडवावा, हा त्या विद्यालयाचा उघड उद्देश होता. हेच विद्यालय 1902 साली वासेदा विद्यापीठ या नावाने प्रसिद्धीस आले. महाराष्ट्रीय वाचकांचा ओकुमांशी एका निराळ्या वाटेने ऋणानुबंध जुळतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मनातील महिला विद्यापीठाच्या कल्पनेला ज्या जपानी महिला विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेने आकार दिला, त्या संस्थेच्या स्थापना-समितीचे अध्यक्षपद ओकुमांनीच भूषविले होते. ती संस्था 1901 साली सुरू झाली, आणि त्याच वर्षी वासेदाच्या विद्यार्थ्यांनी आपला बेसबॉल संघ उभा केला.

या संघाने सव्वाशे वर्षांत मिळविलेल्या विजयांची मोजदाद करणे अवघड नाही. परंतु त्या मोजदादीतून संघाचे अंतरंग कळत नाही. आपल्याहून सरस प्रतिस्पर्धी हुडकून काढावा, त्याच्या दारी स्वतः होऊन जावे, हरावे, शिकावे आणि पुन्हा उभे राहावे, हा या संघाचा मूळ स्वभाव होय. आणि त्याच्या इतिहासातील सर्व मोठे प्रसंग या स्वभावातूनच उद्भवले आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बेसबॉल जपानात आला तो 1872 च्या सुमारास. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने टोकियोतील सरकारी शाळेत आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ प्रथम शिकविला; पुढे रेल्वेचे अभियंते हिराओका हिरोशी यांनी 1878 साली शिंबाशी येथे पहिला व्यवस्थित संघ स्थापिला. तथापि खेळाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती ‘इचिको’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या उच्च विद्यालयाच्या संघाने. या विद्यार्थ्यांनी 1896 च्या मे महिन्यात योकोहामातील परदेशी रहिवाशांच्या क्लबाला 29 विरुद्ध 4 अशा धावांनी धूळ चारली, तेव्हा हा खेळ जपानी तरुणांच्या अभिमानाचा विषय बनला. वासेदाचा संघ जन्मास आला त्या वेळी इचिकोची सत्ता निर्वेध होती आणि त्याखालोखाल फुकुझावा युकिचींच्या केइओ विद्यालयाचा मान होता. नवजात संघापाशी साहित्य अपुरे, अनुभव नाही आणि परंपरा तर मुळीच नाही, अशी अवस्था होती.

त्याच्यापाशी एक गोष्ट मात्र होती, ती म्हणजे प्राध्यापक आबे इसोओ यांच्यासारखा पालक. आबे यांचा जन्म 1865 सालचा, फुकुओका येथील सामुराई घराण्यातला. क्योतोच्या दोशिशा विद्यालयात ख्रिस्ती धर्माचा संस्कार घेऊन ते अमेरिकेतील हार्टफर्डच्या धर्मशास्त्रपीठात शिकले आणि 1899 पासून ओकुमांच्या विद्यालयात अध्यापन करू लागले. ज्या 1901 साली संघ निघाला, त्याच साली आबे व त्यांचे सहकारी यांनी जपानातील पहिला समाजवादी पक्ष स्थापन केला होता आणि सरकारने तो लागलीच हुकूम काढून बंद केला होता. युद्धाचा निषेध करणारा, दारूला न शिवणारा, गरिबांच्या हक्कांसाठी झगडणारा हा विद्वान मैदानाच्या कडेला तासन्‌तास उभा राहून मुलांचा खेळ पाहत असे. शरीर आणि नीती यांचे शिक्षण एकाच मैदानावर होते, नियम पाळून झुंजण्याची सवय लागलेला मनुष्य पुढे समाजातही न्यायाने वागतो, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. आपल्याकडे क्रीडेचा कैवार घेणारे विद्वान झालेच नाहीत असे नाही. पण राज्यसत्तेच्या रोषाची तमा न बाळगणाऱ्या समाजचिंतकाने खेळाच्या संघाला आपल्या जीवितकार्याचा भाग मानावे, याला तोड सापडणे कठीण. 1902 साली विद्यापीठाशेजारी तोत्सुका येथे मैदान तयार झाले आणि संघाला स्वतःचे घर मिळाले.

1903 च्या नोव्हेंबरात वासेदाच्या खेळाडूंनी केइओच्या संघाला एक पत्र धाडले. आमचे खेळाडू अजून कच्चे आहेत, तरी आपण आम्हांस दोन धडे द्यावेत, अशा अर्थाचे ते अत्यंत नम्र आव्हान होते. केइओने ते तितक्याच सौजन्याने स्वीकारले. 21 नोव्हेंबर रोजी केइओच्या मिता येथील मैदानावर सामना झाला आणि केइओने तो 11 विरुद्ध 9 असा जिंकला. त्या दिवसाच्या प्रेक्षकांना कल्पनाही नसेल की, आपण ज्याला साक्षी आहो तो एका साध्या विद्यार्थी-सामन्याचा नव्हे, तर जपानच्या क्रीडाजीवनातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत प्रिय अशा स्पर्धेचा आरंभ आहे. पुढच्याच वर्षी, जून 1904 मध्ये, वासेदा आणि केइओ या दोघांनीही इचिकोला पराभूत केले आणि चौदा-पंधरा वर्षांची ती सत्ता संपुष्टात आली. त्या हंगामात शिकागो विद्यापीठाचे माजी खेळाडू फ्रेड मेरिफील्ड हे टोकियोत होते आणि त्यांनी वासेदाच्या मुलांना खेळाचे अनेक बारकावे दाखविले. संघाच्या दुधी गणवेशावरील गडद तांबूस अक्षरे शिकागोच्या रंगावरून आली, असे संघात परंपरेने सांगतात.

आबे यांनी मुलांना पूर्वीच वचन देऊन ठेवले होते की, देशातील सर्व संघांना तुम्ही जिंकाल तर मी तुम्हांला अमेरिकेस नेईन. मुलांनी आपला शब्द पुरा केला होता. आता गुरूची पाळी होती. पण काळ मोठा बिकट होता. रशियाशी युद्ध चालू होते, मांचुरियात हजारो जवान पडत होते, आणि अशा वेळी विद्यार्थ्यांनी खेळण्यासाठी समुद्र ओलांडावा ही कल्पना पुष्कळांना असह्य वाटली. खर्चाचा प्रश्न तर होताच. विद्यापीठाचे चालकही साशंक होते. परंतु ओकुमांनी पाठबळ दिले, विद्यापीठाच्या तिजोरीतून कर्जाऊ रकमेची तजवीज झाली, आणि 4 एप्रिल 1905 रोजी आबे आपल्या खेळाडूंसह योकोहामा बंदरातून निघाले. कोणत्याही जपानी क्रीडासंघाने केलेला हा पहिला परदेशप्रवास होय. हिंदुस्थानातील निरनिराळ्या जमातींच्या खेळाडूंचा एकत्रित क्रिकेट संघ इंग्लंडला गेला तो यानंतर सहा वर्षांनी, 1911 साली. त्या दौऱ्यात आपल्या पळवणकर बाळूंनी परक्या भूमीवर जे शिकले आणि गाजविले, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना वासेदाच्या त्या तरुणांची मनःस्थिती सहज उमगेल.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टॅनफर्ड विद्यापीठाशी झालेल्या पहिल्याच सामन्यात वासेदाचा 9 विरुद्ध 1 असा पराभव झाला. पुढे कॅलिफोर्निया, दक्षिण कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन इत्यादी विद्यापीठे, शाळा आणि गावोगावचे क्लब यांच्याशी गाठी पडल्या. एकूण 26 सामने झाले, त्यांपैकी 7 जिंकले आणि 19 हरले. कोनो आत्सुशी या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने, जवळजवळ सर्व सामन्यांचा भार एकट्याने वाहिला; एका सामन्याचा शीण उतरण्यापूर्वी तो दुसऱ्या सामन्यास उभा राही, आणि त्याची ही चिकाटी पाहून अमेरिकन लोकांनी त्याला लोहपुरुष म्हणून गौरविले. मे महिन्याच्या अखेरीस त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियन आरमाराचा फडशा पाडला, त्या वेळी हे विद्यार्थी अमेरिकेतच होते. ज्यांचे देशबंधू तोफांनी जग हादरवीत होते, ते स्वतः युद्धविरोधी गुरूच्या मागून परदेशी विद्यार्थ्यांशी चेंडू-फळीने सलोखा जोडीत होते. या दोहोंपैकी कोणत्या गोष्टीने जपानचे नाव अधिक काळ सन्मानाने घेतले जाईल, याविषयी आबे यांच्या मनात संदेह नव्हता.

19 पराभवांच्या या दौऱ्याला मी संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठे यश समजतो. हातातले मोजे, खिळ्यांचे बूट, बंट मारून धावपटूला पुढे सरकविण्याची युक्ती, चेंडू टाकण्यापूर्वी पिचरने हात फिरविण्याची पद्धत, खुणांची सांकेतिक भाषा, सामन्यापूर्वीचा शिस्तबद्ध सराव, हे सर्व वासेदाने पाहिले, टिपून घेतले आणि स्वदेशी आणले. आणि जे आणले ते लपवून ठेवले नाही. संघाचा कर्णधार हाशिदो माकोतो याने परतल्यावर त्याच वर्षी बेसबॉलच्या नूतन तंत्रावर एक ग्रंथ लिहून प्रसिद्ध केला आणि देशातील प्रत्येक शाळेला, म्हणजे आपल्या प्रत्येक भावी प्रतिस्पर्ध्याला, आपले सर्व ज्ञान खुले करून दिले. कष्टाने मिळविलेली विद्या प्रतिपक्षाच्या हाती देण्यात आपलेच हित आहे, कारण प्रतिपक्ष बलवान झाल्याखेरीज आपणही बलवान होणार नाही, हे मर्म विशी-बाविशीतल्या तरुणांना उमगले होते, ही गोष्ट मला आजही थक्क करते. हेच हाशिदो, कोनो आणि त्यांचे सहकारी ओशिकावा कियोशी यांनी पुढे 1920 साली जपानचा पहिला व्यावसायिक बेसबॉल संघ स्थापिला; तो फार काळ टिकला नाही, पण रस्ता दाखवून गेला.

परतल्यानंतर केइओशी स्पर्धा इतकी चुरशीची झाली की तिने स्वतःचाच घात केला. 1906 च्या शरदातील पहिला सामना 28 ऑक्टोबर रोजी तोत्सुकाच्या मैदानावर केइओने 2 विरुद्ध 1 असा जिंकला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी थेट ओकुमांच्या वाड्यासमोर जयघोष केला. 3 नोव्हेंबर रोजी वासेदाने 3 विरुद्ध 0 असा विजय मिळवून मिता येथे त्याची सव्याज परतफेड केली. तिसऱ्या, निर्णायक सामन्याच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकमेकांवर चालून जातील अशी धास्ती उत्पन्न झाली, आणि दोन्ही संस्थांच्या चालकांनी तो सामना रद्द केला. त्यानंतर तब्बल 19 वर्षे हे दोन संघ एकमेकांसमोर उभे राहिले नाहीत. ज्याच्या शेजारी राहायचे, ज्याच्या नावाशी आपले नाव जोडलेले, त्याच्याशी खेळायचे मात्र नाही, अशी ती दीर्घ ताटातूट होती.

या काळातील दोन प्रसंग नमूद करणे अवश्य आहे. 22 नोव्हेंबर 1908 रोजी अमेरिकेतून आलेल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघाशी तोत्सुका येथे सामना झाला, त्याचा आरंभ ओकुमांच्या हस्ते करण्यात आला. सत्तर वर्षांचे, बॉम्बहल्ल्यात पूर्वीच एक पाय गमावलेले ते वृद्ध राजकारणी पिचरच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी फेकलेला चेंडू मार्ग सोडून भलतीकडेच गेला. विद्यापीठाच्या संस्थापकाचा चेंडू वाया जाऊ देणे वासेदाच्या पहिल्या बॅटरला प्रशस्त वाटेना. त्याने मुद्दाम बॅट फिरवून तो चेंडू खेळल्याचे दाखविले. सामन्याच्या प्रारंभी मान्यवराने टाकलेल्या चेंडूवर बॅटरने बॅट फिरविण्याचा जो रिवाज जपानात आजही पाळला जातो, त्याचे मूळ वासेदाच्या या विद्यार्थ्याच्या आदरबुद्धीत आहे. दुसरा प्रसंग कटू आहे. 1911 च्या उन्हाळ्याअखेर टोकियोच्या ‘आसाही’ पत्राने बेसबॉलच्या दुष्परिणामांवर लेखमाला चालविली आणि नितोबे इनाझो, सेनापती नोगी यांच्यासारख्या थोर पुरुषांची प्रतिकूल मते छापली. हा खेळ धूर्तपणा शिकवितो, अभ्यास बुडवितो, असा त्या आक्षेपांचा मथितार्थ होता. आबे यांनी सभांतून आणि लेखांतून प्रत्येक आक्षेपाला सविस्तर उत्तर दिले, आणि लेखमालेचा परिणाम असा झाला की खेळाची चर्चा पूर्वी कधी नव्हती इतकी घराघरांत पोहोचली.

केइओचे दार मिटले तेव्हा वासेदाने शिकागोचे दार ठोठावले. 1910 साली शिकागो विद्यापीठाचा संघ जपानात आला आणि वासेदाला त्याच्याविरुद्ध एकही सामना जिंकता आला नाही. त्या वेळचा कर्णधार तोबिता तादायोरी, जो पुढे ‘सुइशू’ या टोपणनावाने सर्वश्रुत झाला, त्याने या नामुष्कीची सर्व जबाबदारी स्वतःवर घेऊन संघाचा राजीनामा दिला. शिकागोचा संघ 1910 पासून 1930 पर्यंत दर पाच वर्षांनी जपानात येत राहिला आणि वासेदाचे खेळाडूही वेळोवेळी अमेरिकेस जात राहिले. दोन विद्यापीठांमधील असा नियमित क्रीडाव्यवहार त्या काळी जगात क्वचितच कोठे चालत असेल. 1910 चे दशक सरता सरता तोबिता संघाचा पहिला पूर्णवेळ मार्गदर्शक म्हणून परत आला. त्याच्या सरावाची कठोरता दंतकथेचा विषय झाली आहे. खेळाडूचे बळ संपेपर्यंत आणि संपल्यावरही चेंडू अडवीत राहावयास लावणारी ती तालीम आजच्या दृष्टीला अमानुष वाटेल, आणि तिच्या अनुकरणाने जपानातील शाळाशाळांत पुढे कित्येक कोवळ्या मुलांवर अन्यायही झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एका चेंडूत सर्व जीव ओतावा हा त्याचा उपदेश त्याने स्वतः आचरून दाखविला होता, आणि पैशासाठी किंवा जाहिरातीसाठी खेळ विकण्यास त्याने अखेरपर्यंत विरोध केला. 1925 साली शिकागोचा संघ पुन्हा आला, त्या मालिकेत वासेदाने त्याला नमविले. पंधरा वर्षांचे शल्य दूर झाले आणि तोबिताने मार्गदर्शकपद सोडले. पुढे ‘आसाही’ पत्रात, ज्या पत्राने एके काळी या खेळावर झोड उठविली होती त्याच पत्रात, त्याने आयुष्यभर विद्यार्थी-बेसबॉलवर लेखन केले.

तेच 1925 साल आणखी एका कारणाने संस्मरणीय ठरले. वासेदा, केइओ आणि मेइजी यांनी 1914 साली सुरू केलेल्या लीगमध्ये होसेइ आणि रिक्क्यो यांची भर पडली होती; आता टोकियो इम्पीरियल विद्यापीठ सामील होऊन सहा विद्यापीठांची लीग पूर्ण झाली. सहा संघ एकमेकांशी खेळणार आणि त्यांतील दोन मात्र समोरासमोर येणार नाहीत, ही विसंगती फार काळ चालणे शक्य नव्हते. 19 ऑक्टोबर 1925 रोजी वासेदा आणि केइओ यांची पुन्हा गाठ पडली; वासेदाने 11 विरुद्ध 0 असा विजय मिळविला आणि लीगचे पहिले अजिंक्यपदही पटकाविले. पुढल्या वर्षी मेइजी देवस्थानाच्या बाह्य उद्यानात जिंगू क्रीडांगण उभे राहिले, राजप्रतिनिधी युवराजांनी चषक अर्पण केला, आणि नभोवाणीचा प्रसार होताच या सामन्यांचे वर्णन खेड्यापाड्यांतून ऐकू जाऊ लागले. व्यावसायिक बेसबॉल अजून नावारूपास यावयाचा होता. देशाचे सर्व प्रेम आणि कुतूहल या विद्यार्थ्यांवर केंद्रित झाले होते.

1931 च्या वसंतातील मालिका त्या सुवर्णयुगाचा कळस म्हणता येईल. वासेदाचा पिचर दाते मासाओ याने लागोपाठ तीन दिवस तीन सामने टाकले; आणि दुसऱ्या सामन्यात, धावसंख्या समान असता, मिहारा ओसामु हा चपळ खेळाडू केइओचा पिचर मिझुहारा शिगेरु याची नजर चुकवून थेट होम बेसवर धावत आला आणि त्याने धाव चोरली. मिहारा आणि मिझुहारा यांचे वैर तेथेच थांबले नाही: 1956 ते 1958 या तीन वर्षांत निशितेत्सु या व्यावसायिक संघाचा व्यवस्थापक मिहारा आणि जायंट्स संघाचा व्यवस्थापक मिझुहारा जपान मालिकेत तीनदा भिडले आणि तीनही वेळा मिहाराने बाजी मारली. याच 1931 साली तरुण संगीतकार कोसेकी युजी याने वासेदासाठी ‘कोनपेकी नो सोरा’ हे प्रोत्साहनगीत स्वरबद्ध केले. ते आजही प्रेक्षकांच्या मुखी आहे. पण लोकप्रियतेबरोबर तिचे विकारही आले. 22 ऑक्टोबर 1933 च्या सामन्यात पंचांच्या निर्णयांवरून वातावरण तापले, वासेदाच्या प्रेक्षकांतून मिझुहाराच्या दिशेने फळे व इतर वस्तू फेकल्या गेल्या, त्याने एक सफरचंद उचलून परत भिरकावले, आणि केइओने सामना 9 विरुद्ध 8 असा जिंकताच वासेदाचे विद्यार्थी मैदानात घुसले. हा दोष वासेदाच्या पाठीराख्यांचा होता आणि संस्थेच्या इतिहासात तो तसाच नोंदविला पाहिजे. तेव्हापासून वासेदाने पहिल्या बेसच्या बाजूस आणि केइओने तिसऱ्या बेसच्या बाजूस बसावे असा बंदोबस्त झाला, तो अद्याप कायम आहे. त्याच वर्षी तोत्सुका मैदानावर जपानातील पहिले रात्रीच्या खेळाचे दिवे लागले होते.

यानंतरचा काळ उतरणीचा. शिक्षणखात्याने 1932 साली काढलेल्या नियंत्रणाच्या फर्मानाने विद्यार्थी-बेसबॉल सरकारी आज्ञेखाली आला होताच. युद्ध वाढत गेले तसा शत्रूचा खेळ म्हणून त्याच्यावरील रोष वाढला, आणि 1943 च्या वसंतात सहा विद्यापीठांची लीग बरखास्त करण्यात आली. त्याच शरदात विद्यार्थ्यांना लष्करी भरतीपासून मिळणारी सवलत रद्द झाली. रणांगणावर जाण्यापूर्वी एकदा वासेदाशी खेळावे, अशी केइओच्या विद्यार्थ्यांची इच्छा त्यांचे कुलगुरू कोइझुमी शिंझो यांनी उचलून धरली. संघाचा जुना मार्गदर्शक तोबिता आणि विद्यार्थी-व्यवस्थापक आइदा यांनी ते निमंत्रण तत्काळ स्वीकारले. परंतु वासेदाच्या चालकांनी लष्कराच्या आणि खात्याच्या भीतीने मंजुरी नाकारली. अखेर संघाने सर्व जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली आणि 16 ऑक्टोबर 1943 रोजी तोत्सुका मैदानावर सामना झाला. कोइझुमी यांनी त्यांच्यासाठी राखलेले आसन नाकारून विद्यार्थ्यांमध्येच बैठक घेतली. वासेदाने सामना 10 विरुद्ध 1 असा जिंकला, पण त्या दिवशी धावा कोण मोजीत होते! सामना संपल्यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांची विद्यापीठगीते गायिली. पाच दिवसांनी, 21 ऑक्टोबर रोजी, मेइजी देवस्थानाच्या बाह्य उद्यानातील पटांगणावर पावसात विद्यार्थी-सैनिकांचे संचलन झाले. आणि त्या सामन्यात खेळलेल्यांपैकी काही जण परत आले नाहीत. ज्या प्रतिस्पर्ध्याशी एके काळी 19 वर्षे अबोला धरला होता, त्याच्याशी अखेरचे खेळावयास मिळावे म्हणून वासेदाच्या मुलांनी स्वतःच्या संस्थेचा हुकूम बाजूस सारला. सव्वाशे वर्षांत या संघाने केलेले याहून श्रेष्ठ कृत्य मला दिसत नाही.

आइदाने चेंडू आणि साहित्य युद्धकाळातही सांभाळून ठेवले होते. शरणागतीनंतर तीनच महिन्यांनी, 18 नोव्हेंबर 1945 रोजी, अमेरिकन सैन्याच्या ताब्यात गेलेल्या जिंगू क्रीडांगणावर वासेदा आणि केइओ यांचे आजी-माजी खेळाडू खेळले, आणि 1946 च्या वसंतात लीग पुन्हा सुरू झाली. आबे इसोओ यांनी हे पुनरुज्जीवन पाहिले. 1949 च्या फेब्रुवारीत त्यांचे देहावसान झाले आणि तोत्सुका मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले.

युद्धोत्तर काळातील शिखर म्हणजे 1960 चा शरद. 6 ते 12 नोव्हेंबर या सात दिवसांत वासेदा आणि केइओ सहा वेळा झुंजले. पहिल्या तीन सामन्यांत वासेदाने दोन जिंकून केइओला गुणांत गाठले. अजिंक्यपदासाठी पुनर्लढत झाली, ती 11 इनिंगनंतर 1–1 अशी बरोबरीत सुटली. तिची पुनरावृत्ती पुन्हा 11 इनिंगनंतर 0–0 अशी अनिर्णीत राहिली. आणि अखेर सहाव्या सामन्यात वासेदाने 3 विरुद्ध 1 असा विजय मिळविला. आंदो मोतोहिरो या पिचरने सहांपैकी पाच सामने आरंभापासून अखेरपर्यंत टाकले. त्याच्या 49 इनिंगमध्ये 564 चेंडू पडले. कोनोच्या लोहबाहूची कथा ज्यांनी वडिलधाऱ्यांकडून ऐकली होती, त्यांना ती आता डोळ्यांनी पाहावयास मिळाली. वासेदाचे मार्गदर्शक इशिइ रेंझो हे तोबिताच्या कठोर पंथाचे, तर केइओचे माएदा युकिची यांचा ओढा खेळाडूला मोकळेपणाने विचार करू देण्याकडे. दोन विचारसरणींचा तो सामना होता. साठ वर्षांनी, 2020 साली, या दोघांची जपानच्या बेसबॉल कीर्तिमंदिरात एकाच वेळी निवड झाली.

पुढील काळाचा आढावा थोडक्यात घेतो, कारण तो पुष्कळांच्या स्मरणात ताजा आहे. अखिल जपान विद्यापीठ स्पर्धा वासेदाने 1959, 1974, 2007, 2012 आणि 2015 साली जिंकली. हिरोओका तात्सुरो याच्यापासून ओकादा आकिनोबु याच्यापर्यंत अनेक खेळाडूंनी व्यावसायिक संघांचे नेतृत्व केले, ओकादाची .379 ही बॅटिंगची सरासरी लीगच्या इतिहासात सर्वोच्च आहे. वादा त्सुयोशी याने एगावा सुगुरु याचा 443 स्ट्राइक-आउटचा विक्रम मोडून तो 476 वर नेला, आणि 2002 व 2003 या वर्षांत आओकी नोरिचिका, तोरितानी ताकाशी यांच्यासारख्या खेळाडूंच्या बळावर संघाने प्रथमच सलग चार मोसमांचे अजिंक्यपद मिळविले. 1987 साली आबे मैदान बंद झाले, तेथे विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि संघ पश्चिमेकडील हिगाशी-फुशिमी येथे गेला. ते नवे मैदानही आता आबे यांच्याच नावाने ओळखले जाते. मैदानाच्या जागी ग्रंथालय यावे, याबद्दल त्या प्राध्यापकाने खचितच तक्रार केली नसती.

3 नोव्हेंबर 2010 रोजी, 1960 नंतर पन्नास वर्षांनी, अजिंक्यपदासाठी वासेदा आणि केइओ यांच्यात पुन्हा पुनर्लढत झाली. साइतो युकी याच्या कर्णधारपदाखाली वासेदाने ती 10 विरुद्ध 5 अशी जिंकली. 8 नोव्हेंबर 2020 रोजी शरद मोसमाच्या अखेरच्या सामन्यात वासेदा एका धावेने पिछाडीवर असता, नवव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद झाल्यावर हिरुमा ताकुया याने होम रन मारून सामना 3 विरुद्ध 2 असा फिरविला आणि अजिंक्यपद केइओच्या हातून आपल्याकडे आणले. 2024 च्या दोन्ही मोसमांत आणि लीगच्या शतक-वर्षातील, म्हणजे 2025 मधील, वसंतातही वासेदा अजिंक्य ठरले. गुणतालिकेत कोण कोठे आहे याचा विचार न करता, दर मोसमाचा शेवटचा आठवडा वासेदा आणि केइओ यांच्यासाठी राखून ठेवण्याचा शिरस्ता लीगने चालू ठेवला आहे.